पाच मिनिटे पंचावन्न सेकंद

आवडत्या गाण्यावरून वाद घालू नये, असे शहाणी माणसे सांगतात. पण वाद न घालता नुसतेच गाणे आवडणारा माणूस निदान आमच्या तरी पाहण्यात नाही. गाणे आवडले की माणसाला ते एकट्याने ऐकून चैन पडत नाही. ते दुसऱ्याच्या गळी उतरवावेसे वाटते. आणि त्या दुसऱ्याने नुसते "हं, ठीक आहे" म्हटले की याच्या अंगाचा तिळपापड होतो. मग "पुन्हा ऐक", "आता नीट ऐक", "इथे बघ काय होते ते" अशी शिकवणी सुरू होते, आणि ज्याला बिचाऱ्याला चहाला बोलावलेले असते, त्याचा चहा पार गार होऊन जातो.

या बाबतीत नाट्यसंगीताचे वेडे आणि रॉक संगीताचे वेडे एकाच माळेचे मणी. फरक असलाच तर एवढाच, की पहिल्याला घरात 'दर्दी' म्हणतात आणि दुसऱ्याला 'आधी तो आवाज कमी कर' म्हणतात. दिवाळीत तर ही लढाई विशेष रंगते. चार दिवस घर भरलेले असते. आत्या, मामा, काका सगळे जमलेले. अशा वेळी घरातले एखादे पोर आपले लाडके गाणे लावते, बाहेरच्या लवंगी माळेला लाजवील असा दणका भिंतीतून घुमतो, आणि दिवाणखान्यातून प्रश्न येतो, "याला गाणे म्हणतात?" पोराला उत्तर देता येत नाही. ते तोंड पाडून आत निघून जाते. आवडीचे कारण सांगणे हे आवडण्यापेक्षा फार कठीण काम आहे, वाचकहो!

म्हणून या सदरात आज आम्ही त्या पोराचे वकीलपत्र घेतले आहे. फीची अपेक्षा नाही. चार करंज्यांवर भागेल. मात्र सगळ्या रॉक संगीताची तरफदारी करायला हा अंक पुरायचा नाही. तेव्हा खटल्यासाठी आम्ही एकच गाणे निवडले आहे. क्वीन नावाच्या इंग्रज मंडळीचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. ते ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी लंडनमध्ये बाजारात आले. म्हणजे गाण्यालाच आता पन्नाशी उलटून गेली. 'हल्लीच्या पोरांचे थेर' म्हणावे, तर हे थेर पोरांच्या आईबापांइतकेच जुने. आणि जे आजोबा आज त्याला नाके मुरडतात, ते स्वतः त्या साली विशीत होते, हेही न्यायमूर्तींनी ध्यानात घ्यावे!

फिर्यादी पक्षाचे आरोप तीन आहेत. पहिला, या गाण्याला धड आकार नाही. दुसरा, त्याला धड अर्थ नाही. तिसरा, हे मुळी गाणेच नव्हे, यंत्राची करामत आहे. एकेक आरोप घेऊ.

पहिला आरोप आकाराचा. तो सपशेल खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. त्या काळी तबकडीवरचे चालते गाणे साधारण तीन मिनिटांचे असे. दोन कडवी, मध्ये पुन्हापुन्हा येणारे ध्रुपद, थोडे वाद्यांचे काम, की संपले. ध्रुपद हा गाण्याचा खुंटा. ऐकणारा कितीही भटकला तरी तिथे परत येतो. या गाण्यात खुंटाच नाही. सुरुवातीला वाद्यांवाचून नुसत्या गळ्यांचा समूहस्वर. मग पियानोवर संथ, उदास गाणे. मग गिटारची एकटीची सुरावट. ती मागच्या चालीची नक्कल करीत नाही, स्वतःचेच काही सांगते. मग अचानक ऑपेरा! ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्यांचे संगीत नाटक; फरक एवढाच, की तिथे भांडणसुद्धा गाऊनच करतात. त्या भांडणाचा कळस होतो न होतो तोच दणदणीत रॉक सुरू होते. याच भागात बाहेर दिवाणखान्यात कपाळाला आठ्या पडतात. आणि तो पूर ओसरला की पुन्हा पियानो, पुन्हा तो उदास गळा, आणि शेवटी काशाच्या मोठ्या तबकावर एकच हलका टोला. एवढे सगळे पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांत. गेलेला भाग पुन्हा म्हणून येत नाही.

आता ख्याल ऐकणाऱ्या माणसाने यात तक्रार करावी, हे काही आम्हांला पटत नाही. संथ आलाप, मग बढत, मग द्रुत, मग तानांचा पाऊस, ही चढण आपल्या कानांना नवी थोडीच आहे? मैफल संपता संपता भैरवी येते आणि सगळा गलका शांत होतो, तेव्हा आपण डोळे पुसतोच ना? रॉकच्या चाहत्याला या गाण्यात जे सापडते, ते याच जातीचे आहे. पुढे काय येणार हे त्याला पाठ असते, तरी प्रत्येक वळणावर त्याच्या अंगावर काटा येतो. किंबहुना पाठ असते म्हणूनच येतो. वाट पाहण्याचे सुख हे नवेपणाच्या सुखापेक्षा टिकाऊ असते. सकाळी अभ्यंगस्नानाच्या वेळी उटणे लागणार हे कुणाला ठाऊक नसते? तरी त्याचा पहिला वास आला की दिवाळी 'आली' असे वाटतेच.

दुसरा आरोप अर्थाचा. गाण्यात एक तरुण आपल्या आईला सांगतो, की माझ्या हातून एका माणसाची हत्या झाली; आयुष्य आता कुठे सुरू झाले होते, ते मी घालवून बसलो. इथवर कुणालाही समजते. मग ऑपेराच्या भागात नावांचा जो काही वर्षाव होतो, त्याने भलेभले गांगरतात. स्कारामूश म्हणजे इटालियन लोकनाट्यातला फुशारक्या मारणारा भित्रा सोंगाड्या. फिगारो म्हणजे ऑपेरातला प्रसिद्ध न्हावी. फांदांगो हा स्पेनमधला नाच. गॅलिलिओ तर आपल्या शाळेच्या पुस्तकातलाच. शिवाय सैतान आहे, आणि 'बिस्मिल्ला'ही आहे. दोन तट पडतात. एक म्हणतो पोराला सोडा, दुसरा म्हणतो सोडणार नाही. म्हणजे पाहा, आम्ही इथे खटला मांडला आहे, तसा गाण्यातही एक खटलाच चालला आहे!

याचा अर्थ काय, हे रचणाऱ्याने कधीच सांगितले नाही, आणि त्याच्या सोबत्यांनीही ते कोडे त्याच्या पश्चात सोडवून दाखवले नाही. चाहत्यांनी मात्र अर्थांची रास रचली. कुणी त्यात त्याच्या खासगी जीवनातले गुपित वाचतो, कुणी सैतानाला आत्मा विकल्याची कथा. २००४ साली इराणमध्ये क्वीनच्या निवडक गाण्यांची कॅसेट अधिकृतपणे विक्रीस आली, तेव्हा तिच्यासोबत गाण्यांचा अर्थ सांगणारी एक पत्रिका जोडलेली होती. तिने या गाण्याचा अर्थ लावला तो पापाचा, पश्चात्तापाचा आणि देवाचा धावा करण्याचा. लंडनच्या तरुणाला एक दिसले, तेहरानच्या अधिकाऱ्याला दुसरे. गाणे तेच!

आणि वाचकहो, 'अर्थ नाही' ही तक्रार आपण कोणत्या तोंडाने करायची? तराण्यातल्या 'तोम् तनन देरेना'चा अर्थ आपण कधी बुवांना विचारला आहे काय? तिथे शब्द अर्थासाठी नसतात. जिभेला, लयीला, गळ्याला नाचायला दिलेली ती जागा असते. 'गॅलिलिओ' हा शब्द तिथे शास्त्रज्ञ म्हणून येत नाही. तो येतो तो एकदा खालच्या सुरात आणि लगेच टिपेला, जणू दोन डोंगरांवर उभे राहून दोघे एकमेकांना साद घालताहेत. ज्याला ते ऐकून हसू येते त्यानेही हसावे. चाहतेसुद्धा हसतात आणि हसत हसतच म्हणतात. थट्टा आणि दुःख एका ताटात वाढता येते, हे या गाण्याने दाखवले. तमाशातला सोंगाड्या पाहिलेल्या महाराष्ट्राला ते नव्याने सांगायला नको.

तिसरा आरोप यंत्राचा. आता इथे थोडे खोलात शिरले पाहिजे, कारण या गाण्याचा जीव इथेच आहे.

त्या वेळी ध्वनिमुद्रण चुंबकीय फितीवर होई. त्या फितीच्या रुंदीत चोवीस पट्टे असत आणि प्रत्येक पट्ट्यावर एकेक आवाज स्वतंत्र नोंदता येई. तुमच्या स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा डोळ्यांपुढे आणा. एका वाटीत हळद, एकीत जिरे, एकीत मोहरी. डब्यातल्या सगळ्या वाट्या भरल्या आणि अजून वीस जिन्नस हवे असले तर काय कराल? चारपाच जिन्नस एकत्र कुटून त्यांचा मसाला एका वाटीत भराल आणि बाकीच्या वाट्या रिकाम्या करून घ्याल. अगदी तेच इथे केले. अनेक गळे नोंदवायचे, ते मिसळून एका पट्ट्यावर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुन्हा गायचे, पुन्हा मिसळायचे. यातली मेख अशी, की एकदा कुटलेल्या मसाल्यातून जिरे जसे पुन्हा वेगळे काढता येत नाही, तसे एकदा मिसळलेले गळे पुन्हा वेगळे करता येत नाहीत. चुकले तर सगळे पहिल्यापासून!

वेल्समधील मॉनमथजवळच्या रॉकफील्ड या स्टुडिओत १९७५ च्या ऑगस्टअखेर हे काम सुरू झाले आणि पुढे लंडनच्या आणखी काही स्टुडिओंत ते चालले. निर्माता होता रॉय थॉमस बेकर. आधी पियानो, ढोल आणि बासगिटार यांचा पाया घातला आणि ऑपेरासाठी मध्ये थोडी फीत कोरी ठेवली. पण रचणाऱ्याला रोज नवे सुचे, आणि रोज एखादा 'गॅलिलिओ' वाढे. कोरी जागा लांबत गेली. मंडळीतले तिघेजण दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास गात होते. नुसत्या ऑपेराच्या भागाला सुमारे तीन आठवडे लागले आणि आवाजांचे थर चढले एकशेऐंशीच्या घरात. फीत यंत्रातून इतक्या वेळा फिरली, की तिच्यावरचा लेप झिजून तिच्यातून पलीकडचा उजेड दिसू लागला, अशी आठवण गिटारवाल्या ब्रायन मे याने सांगितली आहे.

मग ही यंत्राची करामत म्हणायची? आम्ही म्हणतो, ही गळ्यांची वेठबिगारी! त्या फितीवरचा प्रत्येक सूर माणसाच्याच छातीतून निघालेला आहे. तुम्हांला तिथे शंभरांचा समुदाय ऐकू येतो, पण स्टुडिओत उभे असतात फक्त तिघे. खालचे सूर मेचे, मधले मर्क्युरीचे, आणि काचेला तडा जावा असे वरचे सूर रॉजर टेलर या ढोलवाल्याचे. सुरुवातीचा समूहस्वर तर त्याहून विलक्षण. चित्रफितीत चौघांचे ओठ हलताना दिसतात, पण ध्वनिमुद्रिकेवर ते सगळे गळे एकट्या मर्क्युरीचेच आहेत. एका माणसाने स्वतःभोवती स्वतःचाच जमाव उभा केला आहे.

हा मर्क्युरी कोण, हे सांगायची वेळ आता आली. त्याचे जन्मनाव फारुख बुलसारा. बलसाडचे म्हणून बुलसारा, असे हे पारशी घराणे. वडील झांजीबारला ब्रिटिश सरकारच्या कचेरीत रोखपाल. तिथे ५ सप्टेंबर १९४६ रोजी फारुखचा जन्म झाला, आणि आठ वर्षांचा असताना आईबापांनी त्याला बोटीत बसवून शिक्षणासाठी धाडले ते कुठे? आपल्या पाचगणीला! तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात तो वाढला, पियानो शिकला, आणि तिथेच पोरांनी पाचजणांची 'हेक्टिक्स' नावाची मंडळी काढली. फारुखचा 'फ्रेडी'ही तिथेच झाला. साठीच्या दशकाच्या आरंभी तो झांजीबारला परतला. १९६४ साली तिथे क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंबाला जीव मुठीत धरून इंग्लंड गाठावे लागले.

पुढे लंडनमध्ये त्याने चित्रकलेची पदविका घेतली आणि १९७० साली क्वीन मंडळीत आडनावही बदलले. बाकीचे तिघे तर आमच्या मध्यमवर्गीय वाचकांच्या काळजाला हात घालतील असेच. मे खगोलशास्त्राचा विद्यार्थी. त्याने बापलेकांनी मिळून घरीच, जुन्या शेकोटीच्या लाकडातून बनवलेली गिटार आयुष्यभर वाजवली. टेलरने दंतवैद्यकाचा अभ्यास अर्ध्यावर सोडलेला. जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. म्हणजे ज्यांच्या आयांनी 'आधी शिक्षण पूर्ण कर, मग काय ती वाजवावाजवी कर' असे म्हटले असणार, अशीच ही चारही मुले! (मेने ते ऐकले म्हणायचे. गिटार न सोडता २००७ साली त्याने खगोलशास्त्राची डॉक्टरेटही पुरी केली.)

आठव्या वर्षी समुद्रापलीकडे आईपासून दूर राहिलेल्या मुलाने पुढे आईला हाक मारणारे गाणे केले, यावरून आम्ही काही सिद्धान्त मांडणार नाही. त्याने स्वतः तसे म्हटलेले नाही, आणि मेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालणे बरे नव्हे. पण वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही हे गाणे ऐकवा. तो अर्थ विचारीत नाही, एवढेच आम्ही नोंदवून ठेवतो.

गाणे तयार झाले तेव्हा कंपनीच्या लोकांनी कपाळाला हात लावला. सहा मिनिटांचे गाणे रेडिओवर लावणार कोण? कापा, छाटा, असे सल्ले आले. मंडळीने नकार दिला. मग बेकर आणि मर्क्युरी यांचा एक स्नेही, केनी एव्हरेट, लंडनच्या कॅपिटल रेडिओवर कार्यक्रम करीत असे. त्याच्या हाती एक प्रत पडली. लावायची नाही अशा अटीवर, पण डोळे मिचकावून. त्याने दोन दिवसांत ते चौदा वेळा लावले! श्रोते दुकानांत जाऊन तबकडी मागू लागले. ती अजून बाजारात यायचीच होती. पुढे १० नोव्हेंबरला एल्स्ट्री इथे चारएक तासांत एक चित्रफीत काढली आणि दूरचित्रवाणीवर तीच दाखवली गेली. विक्रीच्या यादीत गाणे सलग नऊ आठवडे अव्वल राहिले. त्याला खाली खेचले ते आबा या स्वीडिश मंडळीच्या 'मामा मिया' या गाण्याने. गंमत अशी, की नेमके हेच दोन शब्द 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या ऑपेरात आहेत. हा किस्सा चाहत्याला सांगा. तो तुम्हांला जन्माचा मित्र मानील.

हे झाले यश. पण यश मिळालेली गाणी ढिगाने असतात. चार वर्षांनी त्यांचे नाव कुणाला आठवत नाही. मग हेच का टिकले?

याचे आमचे उत्तर असे. रंगमंचावर क्वीनला हे गाणे कधीच पुरते गाता आले नाही. स्टुडिओतले शंभर गळे जलशात आणायचे कुठून? म्हणून ऑपेराचा भाग आला, की मंडळी चक्क रंगमंच सोडून आत जात आणि तेवढा भाग फितीवरून लागे. मग दणदणीत भागाला दिव्यांच्या लखलखाटात चौघे परत येत. १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्लीच्या मैदानावर बहात्तर हजार लोकांसमोर झालेल्या 'लाइव्ह एड'च्या जलशात तर त्यांनी या गाण्याचा आरंभीचा तुकडाच तेवढा गायला. मग मधली ती रिकामी जागा भरून काढली कोणी? श्रोत्यांनी! तीन गळ्यांनी कष्टाने जो खोटा जमाव उभा केला होता, त्याच्या जागी खराखुरा जमाव येऊन उभा राहिला.

या गाण्यात प्रत्येकाला वाटा आहे. ज्याचा गळा चांगला त्याने संथ भाग घ्यावा. ज्याचा किनरा त्याने टिपेचा 'गॅलिलिओ' घ्यावा. बेसुऱ्यांनी ऑपेरातले भांडण करावे. तिथे कमीजास्त खपून जाते. ज्याला गाताच येत नाही त्याने हवेत गिटार वाजवावी, मान हलवावी. १९९२ सालच्या 'वेन्स वर्ल्ड' या बोलपटात पाच पोरे मोटारीत बसून नेमके हेच करतात. त्या एका प्रसंगाने हे सतरा वर्षांचे जुने गाणे अमेरिकेत पुन्हा यादीत चढले आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले. आपल्याकडे आरतीला जशी ताल न समजणाऱ्याच्याही हाती झांज देतात, तशी या गाण्याने सगळ्या जगाच्या हाती झांज दिली.

१ जुलै २०१७ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये ग्रीन डे या दुसऱ्याच एका मंडळीचा जलसा होता. ती यायला अवकाश होता, म्हणून कर्ण्यांवर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' लावले. रंगमंचावर कुणी नव्हते. गाणारा जाऊन पंचवीस वर्षे उलटली होती. आणि पासष्ट हजार माणसांनी ते गाणे पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत म्हटले. ऑपेरातले दोन्ही पक्ष म्हटले, गिटारची सुरावटसुद्धा तोंडाने म्हटली! त्यातले कितीतरीजण त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेले. त्यांना कुणी शिकवले होते? घरातल्या कुणीतरी, गाडीतल्या कुणीतरी, एखाद्या मावसभावाने दिवाळीच्या सुट्टीत.

आणि हे सगळे म्हणतात काय, तर एका एकट्या, घाबरलेल्या पोराने आईजवळ दिलेली कबुली! अपराध झाला आहे, शिक्षा चुकत नाही, आणि ते आईला सांगितले पाहिजे. घरात जेवणाच्या टेबलावर हे वाक्य कुणाच्या तोंडून फुटत नाही. नापास झालेल्याच्या नाही, नोकरी गेलेल्याच्या नाही, नको तिथे मन गुंतलेल्याच्या नाही. पण पासष्ट हजारांत मिसळून ते ओरडून म्हणता येते. आपले एकटेपण एकट्याने सोसावे लागू नये, यासाठी गाणे असते. आणि चाहत्याला ते मोठे वाटते ते यामुळेच.

खुद्द मर्क्युरीनेही आपले दुखणे फार उशिरा उघड केले. आपल्याला एड्स झाला आहे, हे त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय पंचेचाळीस. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला. ते गाणे पुन्हा बाजारात आले, उत्पन्न एड्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिले गेले, आणि सोळा वर्षांपूर्वीची तीच तबकडी पुन्हा पाच आठवडे अव्वल राहिली. तो रोग झालेल्याचा स्पर्शही लोक टाळीत, असे ते दिवस होते. अशा वेळी लाखो माणसांनी त्याचे गाणे घरी नेले. घरी पुष्कळांजवळ ते आधीच होते. तरी नेले. याला काय म्हणावे? आम्ही तरी याला दर्शन म्हणू.

या गाण्याचा हस्तलिखित कच्चा खर्डा २०२३ साली लंडनला लिलावात निघाला आणि तेरा लाख ऐंशी हजार पौंडांना गेला. एका विमानकंपनीच्या छापील कागदांवर खरडलेला, खाडाखोडीचा खर्डा तो! त्यात आधी 'मंगोलियन' लिहून ते खोडले आहे आणि मग 'बोहेमियन' केले आहे. वह्यांत खाडाखोड करणाऱ्या मुलांच्या पालकांनी हा आकडा एकदा मनाशी वाचावा.

खटल्याचे कामकाज इथे संपले. निकाल आम्ही देणार नाही. तो ज्याच्या त्याच्या घरात लागायचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत पाचगणीला स्ट्रॉबेरीचे मळे पाहायला जाल, तेव्हा तिथे एकेकाळी आठ वर्षांचे एक परदेशातले पोर राहत होते, एवढे ध्यानात असू द्या. आणि घरातल्या पोराने ते गाणे लावलेच, तर आवाज कमी करायला सांगण्यापूर्वी एकदा त्याच्याशेजारी बसून ते शेवटपर्यंत ऐका. "इथे बघ काय होते ते" असे तो म्हणेल, तेव्हा तिथे खरोखरच बघा. पाच मिनिटे पंचावन्न सेकंद. तेवढ्यात कढईतला चकल्यांचा एक घाणा होतो. तो दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगता येईल.